भाऊसाहेबांच्या जीपचं इंजिन

आमच्या दोघांत कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. विचार त्याने करायचा आणि वजन मी उचलायचं.

तो जव्हारला एका सरकारी कचेरीत कारकून. त्यामुळे अख्खा तालुका त्याला भाऊसाहेब म्हणायचा, आणि मीही. मी पोशेऱ्याकडच्या एका शाळेत शिक्षक, राहायला मोखाड्यात, म्हणून तो मला गुरुजी म्हणायचा. हाक अशी मानाची आणि पुढचं सगळं अरे-तुरे. "गुरुजी, आंधळा झालास काय, तो चौदाचा पाना दे" असं आमचं बोलणं असायचं. त्याच्या बायकोला याचं फार हसू यायचं.

ओळख निवडणुकीच्या ड्युटीवर झाली. आम्हाला केंद्रावर सोडायला निघालेली गाडी चढावर बंद पडली. बाकीचे उतरून सावलीला बसले. हा मात्र ड्रायव्हरकडून लांब स्क्रू-ड्रायव्हर मागून घेऊन इंजिनाला टेकवून, मुठीला कान लावून उभा राहिला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "परत सेल्फ मार." दोन-तीनदा ऐकल्यावर त्याने एक नळी काढून तोंडाने फुंकली, परत लावली आणि गाडी निघाली. त्या रात्री केंद्रावर सतरंजीवर आडवं पडल्यावर त्याने मला त्याच्या जीपबद्दल सांगितलं. लिलावात निघालेली जुनी जीप त्याने घेतली होती. सांगाडा चांगला होता, पण पेट्रोलचं इंजिन पार जाम झालेलं. "त्याच्यात डिझेल बसवणार आहे. एकट्याने होणार नाही. तू येशील?" मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. मी मूळचा घाटावरचा, इथे नोकरीला येऊन राहिलेला. रविवारी खोलीत पडून कंटाळायचो. मी हो म्हटलं.

त्याचं घर साखरशेतला. घराला लागून पत्र्याची शेड होती, पूर्वी तिथे बैल बांधायचे. त्या शेडमध्ये जीप उभी होती. मी दर रविवारी मोटरसायकलवर मोखाड्याहून जायचो. पहिले कितीतरी रविवार आम्ही हत्यारालासुद्धा हात लावला नाही. तो नुसता जीपभोवती फिरायचा, काठीने अंतरं मोजायचा आणि बोलायचा. कुठलं इंजिन बसेल, त्याची लांबी किती, गिअरबॉक्सशी त्याची तोंडं जुळतील का, नाही जुळली तर मध्ये लोखंडी पाटी किती जाडीची लागेल. इंजिन बदलायची परवानगी लागते, तो अर्ज त्याने स्वतःच केला. कचेरीतल्या माणसाला त्याचं भय नव्हतं. "वायरिंगचं झंझट असलेलं नवं इंजिन नको," तो म्हणायचा, "जुन्या पंपाचं घ्यायचं. त्याला फक्त डिझेल आणि देवाची कृपा लागते."

असं इंजिन आम्हाला नाशिकला भंगारवाल्यांकडे मिळालं. एका ठोकलेल्या प्रवासी गाडीचं. टेंपोत घालून आणलं आणि शेडच्या तुळईला चेन-पुली बांधून जीपमध्ये उतरवायला लागलो, तर खालचं ऑइलचं चेंबर पुढच्या एक्सलवर टेकलं. चार बोटं जागा कमी.

"झालं?" मी म्हणालो.

"झालं कसलं? आत्ता कुठे मजा सुरू झाली."

ते चेंबर कापून, जोडून, दुसऱ्या बाजूला खोल करून घ्यायला त्याने जव्हारला खेपा घातल्या. मग फाउंडेशन, म्हणजे ज्या लोखंडी आधारांवर इंजिन बसतं ते, दोनदा चुकीच्या जागी वेल्ड झालं. दुसऱ्यांदा चुकलं तेव्हा मी वैतागलो. म्हणालो, "आयती चालती गाडी घेतली असती तर आज शिरपामाळच्या माळावर जाऊन बसलो असतो." तो ग्राइंडर हातात घेऊन शांतपणे म्हणाला, "आणि तिथे बसून काय केलं असतं, गुरुजी?" रविवारची मी वाट बघायला लागलो होतो, हे त्याला माहीत होतं.

इंजिन बसलं. शाफ्ट जुळला. एका रविवारी दुपारी आम्ही पहिल्यांदा सेल्फ मारला. काळा धूर शेडभर झाला, कोंबड्या ओरडत पळाल्या आणि इंजिन चालू झालं. त्याची म्हातारी आई ओटीवरून उठून बघायला आली. तिचं बोलणं घरच्या बोलीतलं, मला अर्धंच समजायचं. पण ती मुलाला वेडा म्हणतेय एवढं कळलं. मी वहिनींना हाक मारेपर्यंत इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. परत लावलं, परत चाललं, परत थोड्या वेळाने तसंच बंद.

"हवा ओढतंय कुठून तरी," तो म्हणाला. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिनाचा घास तुटतो, हे त्याने मला समजावलं. पंपावरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, आधी फेस येतो, फेस संपून निव्वळ डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. ते आम्ही केलं. तेवढ्यापुरतं चाललं आणि पुन्हा थांबलं. अंधार व्हायला आला तेव्हा तो हात पुसत म्हणाला, "सापडेल. पुढच्या रविवारी."

त्याच आठवड्यात एका सकाळी मी शाळेला निघायच्या तयारीत असताना वहिनींचा फोन आला. त्या अंगणवाडीत आहेत. आवाज नेहमी मोठा आणि ठाम. त्या दिवशी त्या इतक्या हळू बोलत होत्या की मला दोनदा विचारावं लागलं. "भाऊजी, हे आंघोळीला गेले ते पडले. तोंड वाकडं झालंय. उजवा हात हलत नाही. जव्हारच्या डॉक्टरांनी नाशिकला न्यायला सांगितलंय. गाडी मोखाड्यावरूनच जाईल."

एवढं बोलून फोन कटला. परत लावला तर रेंज नव्हती. मी मोठ्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. का उभा राहिलो ते मला सांगता येणार नाही. ती गाडी माझ्यासाठी थांबणार नव्हती, थांबायलाही नको होती. सायरन ऐकू आला, रुग्णवाहिका वळणावरून आली आणि एसटीला करतात तसा मी हात वर केला. काचेतून वहिनींची पाठ दिसली. गाडी निघून गेली. मग मी मोटरसायकल काढून तिच्या मागे लागलो. तोरंगणच्या घाटापर्यंत सायरन मधूनमधून ऐकू येत होता, नंतर तोही येईनासा झाला.

नाशिकला मला त्याला बघायला मिळालं तेव्हा तो शुद्धीवर होता. त्याने मला ओळखलं, डोळ्यांवरून कळलं. मी विचारलं, "भाऊसाहेब, कसं वाटतंय?"

"बरोबर," तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी वहिनींकडे वळलो. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी पुन्हा त्याला म्हणालो, "पाणी हवंय का?"

"बरोबर." पण मान नाही म्हणत होती.

"दुखतंय का कुठे?"

"बरोबर. बरोबर." आता तो चिडला होता.

तो एकच शब्द उरला होता. हो म्हणायला तोच, नाही म्हणायला तोच, बायकोला हाक मारायलाही तोच. डॉक्टरांनी सांगितलं की त्याला समजतं बरंचसं, पण शब्द हाती लागत नाहीत. काही परत येतील, किती ते कोणी सांगू शकत नाही. माझं सगळं आयुष्य मुलांना शब्द शिकवण्यात गेलं. त्या खाटेजवळ उभं राहून मला एकही उपयोगाचा सुचला नाही.

त्याला घरी आणलं. दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी वहिनींना सांगितलं होतं, की त्यांना आवडायचा त्या विषयावर बोला, ओळखीच्या वस्तू हातात द्या, नावं विचारा. वहिनी मला म्हणाल्या, "तुम्हीच करा हे, भाऊजी. त्यांना त्या गाडीशिवाय दुसरं काय आवडायचं?"

म्हणून मी रविवारी शेडमधून वस्तू आणल्या, रॉकेलमध्ये धुतल्या आणि पाटावर मांडल्या. नोझल, वॉशर, पंपाचा बोल्ट, पाने. तो खुर्चीत बसला होता, उजवा हात उशीवर. मी नोझल उचललं. "हे काय आहे?" बरोबर. वॉशर. बरोबर. मग मी रिंग पाना त्याच्या डाव्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट फिरवला, डोळ्यासमोर धरला आणि रिंगमधून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं गंमत करतोय. तशी गंमत तो करायचा. मी हसलो. तोही हसला. मग त्याने तो पाना हळूच केसांतून फिरवला, भांग पाडल्यासारखा. एकदा, दोनदा. तो हसत नव्हता. त्याच्या कपाळावर ऑइलचा पट्टा उमटला. पान्याचं काय करतात हे त्याला आठवत नव्हतं आणि काहीतरी चुकतंय एवढं मात्र कळत होतं. त्याने पाना मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी सगळं गोळा करून परत शेडमध्ये नेलं. वहिनींना सांगितलं, आज दमलाय.

त्यानंतर काही आठवड्यांनी वहिनींनीच विषय काढला. त्यांच्या घराचं जोतं उंच; त्याला पायऱ्या चढवताना रोज दोन माणसं लागत होती. शेड मात्र सपाट जमिनीवर होती, मोरीही जवळ. तिला भिंती घालून त्याच्यासाठी खोली करायची होती.

"गाडीचं काय ते तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "मी घाई करत नाही. पण पावसाच्या आधी खोली व्हायला पाहिजे."

मी म्हणालो, "चालू करून बाहेर काढतो. थोडंच राहिलंय."

थोडंच राहिलं होतं हे खरं, पण ते थोडं काय, हे त्याच्या डोक्यात होतं. मी जे बघितलं होतं ते करत गेलो. फिल्टर बदलला. जोडाच्या तांब्याच्या वॉशर बदलल्या. हातपंप दाबून दाबून अंगठा सुजला. इंजिन लागायचं, मी श्वास रोखून उभा राहायचो, आणि तेच दोन आचके. आवाज ऐकून काही समजावं म्हणून मीही एकदा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मुठीला कान लावला. खडखडाट ऐकू आला. सगळीकडे सारखाच खडखडाट. त्यातला कुठला चांगला आणि कुठला वाईट हे कोणी सांगायचं?

मग मला वाटलं, त्याला ऐकवावं. शब्द गेले असतील, कान कुठे गेलेत? वहिनींना हे फारसं पसंत नव्हतं, पण त्या नको म्हणाल्या नाहीत. आम्ही त्याला धरून शेडच्या तोंडाशी खुर्चीत बसवलं. मी सेल्फ मारला. इंजिन लागलं. तो पुढे वाकला. खरंच वाकला, पूर्वी वाकायचा तसा. इंजिनाने आचके दिले आणि बंद पडलं.

"ऐकलंस? कुठे आहे? पंप?"

"बरोबर!"

"नाही ना? मग टाकीकडे? नळी?"

"बरोबर! बरोबर!" तो डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आपटत होता. मग त्याने बोट केलं. जीपकडे, मग माझ्याकडे, मग मागे. मी त्याच्या बोटाच्या रेषेत जीपच्या मागच्या बाजूला गेलो. टाकी तिथेच होती. मी टाकीवर हात ठेवला. "ही?" त्याने जोरात मान हलवली. मी टाकीच्या खाली शिरलो, झाकणावर हात ठेवला, नळीवर ठेवला. "ही? की ही?" तो ओरडायला लागला. मला वाटलं, जवळ आलोय. मी आनंदाने एकेका जोडावर बोट ठेवत होतो.

वहिनी धावत आल्या. त्यांनी एकदाच बघितलं. "भाऊजी, बाजूला व्हा. त्यांना मोरीत जायचंय."

तोवर उशीर झाला होता. खुर्चीखाली जमीन ओली झाली होती. तो रडत होता. मी टाकीखालून बाहेर येऊन उभा होतो, हाताला डिझेल लागलेलं, त्यामुळे मला त्याला धरताही येईना. वहिनी आणि म्हातारी त्याला घेऊन गेल्या. मी खुर्ची धुतली. तेवढंच माझ्या हातात होतं.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो आणि जीपचं नाव काढलं नाही.

शब्द परत आले ते म्हातारीकडे. ती त्याच्याशी दिवसभर घरच्या बोलीत बोलायची, काही शिकवण्यासाठी नव्हे. नाचणी निवडता निवडता, कोंबड्यांना हाकलता हाकलता, आपली बडबड. एक दिवस अंगणात वाळत घातलेल्या भातावर बकरी आली आणि हा खुर्चीतून तिच्यावर ओरडला. घरच्या बोलीत, खणखणीत. म्हातारी हातातलं सूप टाकून त्याच्याकडे गेली. मग पाणी आलं, भाकरीसाठी त्यांच्याकडे असलेला शब्द आला, आईला हाक आली. मी गेलो की वहिनी मला नवे शब्द सांगायच्या आणि मी ते पहिलीतल्या पोरासारखे पाठ करायचो, कारण मला ते येत नव्हते. वीस वर्षं इथे राहून मी त्या बोलीतलं ऐकून घेण्यापुरतंच शिकलो होतो. कधी गरजच पडली नव्हती. माझ्याशी सगळे मराठीत बोलायचे.

आणि आमचं दोघांचं जे बोलणं होतं, पंप, नोझल, चेंबर, फाउंडेशन, त्याला त्यांच्या घरच्या बोलीत शब्दच नाहीत. ते सगळे कचेरी, गॅरेज आणि भंगारबाजारातून आलेले. तिकडचा एकही परत आला नाही. मला आनंद होत होता, मनापासून होत होता. आणि तरी परत येताना मोटरसायकलवर मला वाटायचं, त्याच्या घरातली सगळी माणसं त्याला हळूहळू परत मिळतायत, माझ्या वाट्याला मात्र तो एकच शब्द आहे.

पावसाच्या आधी आम्ही जीप बाहेर काढली. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, मी स्टीअरिंगवर बसलो. तो काठी टेकत अंगणात उभा होता. आता थोडं चालता येत होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. पण त्याला काही फारसं वाटलेलं दिसलं नाही. जीप फाटकातून बाहेर गेली तेव्हा तो शेडच्या मोकळ्या जमिनीकडे बघत होता, जिथे त्याची खाट येणार होती. खोलीच्या भिंती गवंड्याने घातल्या. दाराजवळ धरायला लोखंडी दांडा मी बसवला. त्यालाही भोकं दोनदा चुकली.

जीप मोखाड्याला माझ्या खोलीपुढच्या अंगणात ताडपत्रीखाली राहिली. पावसाळा संपल्यावर मी एक ठरवलं. दोष शोधायचाच नाही. टाकीपासून पंपापर्यंत जे काही आहे ते सगळं काढून टाकायचं आणि नवं घालायचं. नळी, जोड, वॉशर, टाकीतली डिझेल ओढणारी दांडी, सगळं. भाऊसाहेबाने हे कधी केलं नसतं. न शोधता बदलणं म्हणजे परीक्षेत सगळे पर्याय काळे करणं, असं तो म्हणायचा. दिवाळीच्या सुट्टीत मी ते केलं. इंजिन लागलं आणि चालत राहिलं. मी शेजारी दगडावर बसून राहिलो, आचके येण्याची वाट बघत. ते आले नाहीत. काढलेल्या नळ्या मी उन्हात धरून एकेक बघितल्या. कुठे चीर दिसली नाही. नेमकं काय बिघडलं होतं ते मला आजही माहीत नाही.

जीप तपासणीला नेली, कागद पुरे झाले आणि मी ती साखरशेतला घेऊन गेलो. वहिनींना आधी फोन केला होता. त्या त्याला घेऊन बाहेर आल्या. मी इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं होतं. तो जीपजवळ आला, बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला. पत्रा तापला होता. मग तो माझ्या बाजूच्या सीटकडे वळला. आम्ही त्याला वर चढवलं. वहिनी मागे बसल्या.

आम्ही शिरपामाळकडे निघालो. मी सावकाश चालवत होतो आणि सारखा त्याच्याकडे बघत होतो. चढावर गिअर बदलताना इंजिनाचा आवाज थोडा जड झाला. मी म्हणालो, "भाऊसाहेब, आवाज कसा वाटतो?" त्याने ऐकलं नाही. तो बाहेर बघत होता, एसटीच्या खिडकीत बसलेली माणसं बघतात तसा, वारा तोंडावर घेत. उतारावरच्या शेतात बाया नाचणी कापत होत्या. त्यांच्याकडे बोट करून तो काहीतरी म्हणाला. त्याच्या मानाने लांबलचक, दोन-तीन शब्दांचं. मला समजलं नाही.

मी मागे वळून विचारलं, "काय म्हणतोय, वहिनी?"

"म्हणतायत, कणसं चांगली भरलीत यंदा," वहिनी म्हणाल्या.

"हो," मी त्याला म्हणालो, "चांगली भरलीत." त्याने मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागला. मी दुसरा गिअर टाकला आणि पुढचा चढ चढवला.